बोलण्याची डॉक्टर आणि आमची गप्प झालेली आजी



गेले काही महिने या पानावर गौलीगुड्याचे वाडे, शालीबंड्याचे गणपती, विवेक वर्धिनीच्या शाळेतले मास्तर अशा आठवणी वाचतेय. बहुतेक लेख आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीचे. आमच्या पिढीचं, म्हणजे दिलसुखनगरला वाढलेल्यांचं, फारसं कोणी लिहीत नाही. म्हणून आज धीर करून लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

लग्नकार्यात मला हमखास विचारतात, "तू नेमकं करतेस काय गं?" मी स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट आहे. एवढं लांब नाव ऐकून समोरचा माणूस "बरं बरं" म्हणतो आणि जिलबीकडे वळतो. आमच्या आजीने त्याचं सोपं नाव ठेवलं होतं, 'बोलण्याची डॉक्टर'. मी डॉक्टर नाही, हे तिला शंभरदा सांगितलं. तिला ते पटलं नाही. हा लेख या शिक्षणाबद्दल आहे, ते आपल्या देशात आणि आपल्या गावात कसं आलं त्याबद्दल आहे, आणि आमच्या घरात झालेल्या एका चुकीबद्दलही.

आमचं घर मूळचं नांदेडकडचं. आजोबा निजामाच्या काळात शिकायला हैदराबादला आले आणि इथलेच झाले. १९०७ साली केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या मंडळींनी उभी केलेली विवेक वर्धिनी होती, म्हणून मराठीतून शिकता आलं, असं ते कायम सांगायचे. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद संस्थानाची वाटणी झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण इथेच राहिलो. एका रात्रीत राज्यातल्या मोठ्या भाषेचे लोक शहरातली लहान वस्ती झाले. बाबा आणि काकांनी पुढे गौलीगुड्याची भाड्याची खोली सोडून दिलसुखनगरला, चैतन्यपुरीच्या बाजूला, मिळून घर बांधलं. तेव्हा तिथे मोकळी जागा होती. आता कोचिंग क्लासच्या पाट्यांनी आकाश दिसत नाही ते वेगळं.

त्या गल्लीत आम्ही चार भाषांत वाढलो. घरात मराठी, शेजारच्या अक्कांशी तेलुगू, भाजीवाल्याशी आणि रिक्षावाल्याशी दखनी, शाळेत इंग्रजी. कोणी शिकवलं नाही, आपोआप आलं. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हेच असेल.

माझा चुलतभाऊ १९९२ चा. त्याला घरात छोटू म्हणतात, इथेही तेच लिहिते. तो तीन वर्षांचा झाला तरी नीट बोलेना. आई, गाई, दुदू असे मोजून सात शब्द. बाकी बोट दाखवायचं आणि ओढत न्यायचं. काकू रात्री रडायची. आजी म्हणायची, "लेकरू बोलंल गं, याचा बापबी उशिराच बोलला." पण काळजी तिलाही होतीच. गुरुवारी साईबाबाच्या देवळात जाऊन नवस बोलून आली होती.

शेवटी १९९५ साली छोटूला एका जाणकारांकडे नेलं. नाव घेणार नाही. त्यांनी मनापासूनच सांगितलं असेल. त्यांनी मुलाकडे दहा मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "घरात किती भाषा बोलता? चार? मग मूल गोंधळणार नाही तर काय! एकच भाषा ठेवा. शाळा इंग्रजी आहे ना, मग इंग्रजीच ठेवा." काका-काकू घरी आले आणि त्या संध्याकाळी आमच्या घरात कायदा झाला. छोटूशी मराठी बंद.

आजीला इंग्रजी येत नव्हतं. पहिले काही दिवस तिने प्रयत्न केला. "कम, कम", "ईट", "गुड". मग तिचे शब्द संपले. ती छोटूला मांडीवर घ्यायची, केसांतून हात फिरवायची आणि गप्प बसायची. मला आणि माझ्या ताईला रोज रात्री गोष्ट सांगणारी बाई, तिच्या तिसऱ्या नातवासमोर मुकी झाली. मी तेव्हा दहा वर्षांची होते. छोटू खोलीत आला की आजी गोष्ट मध्येच थांबवायची, ते मला अजून आठवतं. गोष्टीतला राजा तिथेच उभा राहायचा.

छोटू पुढे बोलू लागला. साडेचार-पाच वर्षांचा होता होता चांगला बोलला, इंग्रजी आणि गल्लीतलं तेलुगू. सगळे म्हणाले, उपाय लागू पडला. मराठी त्याला कळायचं, पण तो मराठीत कधी बोलला नाही.

आता माझ्याकडे येते. २००३ साली माझं इंटर झालं, बायपीसी घेऊन. दिलसुखनगरला राहणाऱ्या मुलीने एमसेट दिली नाही तर शेजारी आजारी आहे का विचारतात. मी दिली. मेडिकलला जाण्याइतका रँक आला नाही. बाबा म्हणाले, अजून एक वर्ष लाँग टर्म कोचिंग कर. त्याच दिवसांत वर्गातल्या एका मैत्रिणीकडून बीएएसएलपी नावाच्या पदवीबद्दल कळलं. ऑडिओलॉजी म्हणजे कानाचं आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी म्हणजे बोलण्याचं. तीन वर्षं शिक्षण, चौथं वर्ष इंटर्नशिप. मला छोटू आठवला. अर्ज भरला.

घरात कोणालाच हे काय आहे ते माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. हा विषय कुठून आला, ते नंतर हळूहळू कळत गेलं. थोडक्यात सांगते, कारण त्यात आपल्या हैदराबादचा एक धागा आहे.

बोलण्यातले दोष हे वेगळं शास्त्र आहे, असं युरोप-अमेरिकेत मानलं जाऊ लागलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. व्हिएन्नातले डॉक्टर एमिल फ्रॉशेल्स यांनी त्याला लोगोपेडिक्स हे नाव रूढ केलं आणि १९२४ साली त्याची आंतरराष्ट्रीय संघटना काढली. लगेच पुढच्या वर्षी, १९२५ ला, अमेरिकेतल्या लोकांनी आपली संघटना स्थापन केली. तीच आज आशा या नावाने ओळखली जाते आणि अमेरिकेत काम करायला जाणाऱ्या आपल्या मुली जिचं प्रमाणपत्र मिळवतात ती हीच. पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात डोक्याला मार लागून वाचा गेलेले, तोफांच्या आवाजाने बहिरे झालेले सैनिक परत आले आणि या कामाची गरज सगळ्यांनाच दिसली.

आपल्या देशात पद्धतशीर शिक्षण सुरू झालं ते साठच्या दशकात. म्हैसूरला १९६५ साली ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ लोगोपेडिक्स या नावाने संस्था निघाली. तीच पुढे ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग झाली. राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते १९६६ मध्ये तिची कोनशिला बसली. गंमत म्हणजे तिथे पदव्युत्तर वर्ग आधी सुरू झाला, १९६७ ला, आणि पदवीचा वर्ग त्याच्या नंतर. शिकवणारेच नव्हते, तर आधी शिकवणारे तयार करायला हवेत, असा सरळ हिशेब. मुंबईत नायर हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६६ पासून पदवीचं शिक्षण सुरू झालं होतं. म्हणजे महाराष्ट्रातल्या आपल्या नातेवाइकांना हे घराजवळ मिळत होतं.

आणि आता तो हैदराबादचा धागा. १९८३ साली केंद्र सरकारने मुंबईत, वांद्रे रेक्लमेशनला, कर्णबधिरांसाठी राष्ट्रीय संस्था काढली. तिला नाव दिलं अली यावर जंग यांचं. हे अली यावर जंग आपल्या हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू होते, अमेरिकेत भारताचे राजदूत होते, आणि १९७१ पासून महाराष्ट्राचे राज्यपाल. डिसेंबर १९७६ मध्ये राज्यपालपदावर असतानाच मुंबईत वारले. मुंबईचा वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेही त्यांच्याच नावाचा. निजामाच्या राज्यातला एक उर्दू बोलणारा हैदराबादी गृहस्थ मराठी माणसांच्या राज्यात जाऊन राहिला, आणि त्याच्या नावाच्या संस्थेची शाखा पुन्हा आपल्या सिकंदराबादला आली, बोवेनपल्लीच्या मनोविकासनगरात. तिथेच १९८४ ला निघालेली मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था, शेजारी-शेजारी. त्याच्याही आधी, १९७७ मध्ये, डॉ. पी. हनुमंतराव यांनी सिकंदराबादला स्वीकार ही संस्था सुरू केली होती. हे सगळं मी बसच्या अंतरावर राहत असून मला अठराव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं.

१९९२ ला संसदेने भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केला आणि १९९३ पासून तो लागू झाला. तेव्हापासून या कामासाठी मान्य पदवी आणि परिषदेची नोंदणी सक्तीची झाली. त्याआधी कोणीही पाटी लावू शकत होतं. छोटूला नेलं तेव्हा कायदा लागू होऊन दोन वर्षं झाली होती, पण नोंदणी विचारायची असते हे आमच्या घरी कोणाला ठाऊक असणार! आज मी सगळ्यांना सांगते, कोणाकडेही जा, आधी नोंदणी क्रमांक विचारा. त्यात लाज कसली.

सिकंदराबादच्या एका संस्थेत माझा प्रवेश झाला. आता दिलसुखनगरला मेट्रो आहे, २०१८ ला आली. तेव्हा १०७ नंबरची बस होती. सकाळी सातला निघायचं, मलकपेट, चादरघाट करत सिकंदराबादला उतरायचं आणि तिथून दुसरी बस. उभं राहूनच वाचायचे. घशाच्या नसांची नावं मी चादरघाटच्या पुलावर पाठ केली आहेत.

शिक्षणात सगळंच होतं. शरीररचना, ध्वनीचं भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, भाषाशास्त्र. आवाज आत येणार नाही अशा खोलीत बसून ऑडिओमीटरवर कान तपासायचे. तोतरं बोलणारी तरुण मुलं, टाळू फाटलेली बाळं, पक्षाघाताने वाचा गेलेले आजोबा, शिकवून शिकवून घसा बसलेल्या शिक्षिका, असे रुग्ण. प्रत्येक रुग्णासोबत घालवलेला वेळ वहीत लिहायचा आणि वरिष्ठांची सही घ्यायची. ठरलेले तास भरल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. ती वही आम्ही जिवापाड जपायचो. २००७ ला तेव्हाच्या आंध्रात आरोग्यश्री योजना आली, त्यात लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटचा खर्च सरकार देऊ लागलं. ऑपरेशननंतर त्या मुलांना ऐकायला आणि बोलायला शिकवावं लागतं. त्यामुळे आमच्या कामाला एकदम मागणी आली.

एका गोष्टीची मला मजा वाटायची. कोणता उच्चार तोंडात कुठे होतो त्याचा तक्ता इंग्रजी पुस्तकात होता. मुली तो घोकत होत्या. मी बघितलं तर आपलीच वर्णमाला! क-ख-ग घशाजवळ, च-छ-ज टाळूला, ट-ठ-ड त्याच्या पुढे जीभ उलटून, त-थ-द दातांना, प-फ-ब ओठांना. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, हे आजोबांनी मला पाटीवर शिकवलेलं. आपल्या जुन्या शिक्षाग्रंथकारांनी अक्षरं तोंडातल्या जागेप्रमाणे लावून ठेवलीत. त्या एका पेपरात मला अभ्यास करावा लागला नाही.

पदवी २००७ ला झाली आणि तिथेच एमएएसएलपीला नाव घातलं, दोन वर्षांसाठी. आणि दुसऱ्याच सत्रात तो तास आला.

विषय होता, एकापेक्षा जास्त भाषा ऐकणारी मुलं. मॅडम इतिहास सांगत होत्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या भागात बरेच संशोधक मानत होते की दोन भाषांनी मुलाची बुद्धी मागे पडते. त्या अभ्यासांत गरीब स्थलांतरितांची मुलं आणि सुखवस्तू एकभाषी मुलं यांची तुलना केलेली असायची. मग १९६२ साली कॅनडातल्या माँट्रियलला एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी दहा वर्षांची मुलं घेतली, घरची परिस्थिती सारखी असलेली, आणि निकाल उलटा लागला. दोन भाषांची मुलं मागे नव्हती, उलट पुढे होती. त्यानंतर प्रश्न राहिला तो बोलण्यात खरोखरच अडचण असलेल्या मुलांचा. त्यावर २००३ ला योहान पॅराडिस आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. भाषेचा दोष असलेली फ्रेंच-इंग्रजी बोलणारी मुलं, तोच दोष असलेल्या एकभाषी मुलांपेक्षा जास्त अडखळत नव्हती. म्हणजे दुसरी भाषा काढून घेतल्याने दोष कमी होतो, याला आधार नाही. घरची भाषा बंद करा असं सांगू नका, मॅडम म्हणाल्या, कारण आई-वडील आणि आजी-आजोबा ज्या भाषेत मनमोकळं बोलू शकतात, त्याच भाषेतून मुलाला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात चांगलं बोलणं ऐकायला मिळतं.

माझी पेन्सिल थांबली. पुढचं काही लिहून घेतलं नाही. मला आजी दिसत होती, छोटूला मांडीवर घेऊन गप्प बसलेली.

मॅडमनी आणखी एक सांगितलं. अशा मुलाचे शब्द मोजायचे तर सगळ्या भाषांतले मिळून मोजायचे. आम्ही छोटूचे सात मराठी शब्द मोजले होते. पण तो शेजारच्या मुलाला 'रा' म्हणून बोलवायचा, पाण्याला 'नीळ्ळु' म्हणायचा, जेवायला बसवलं की 'नक्को' म्हणायचा. ते कोणी मोजलंच नाही. मोजले असते तर वीसेक झाले असते. तरी तीन वर्षांच्या मुलाला ते कमीच, त्याला मदत हवीच होती. पण सगळ्यात आधी करायला हवी होती ती कानांची तपासणी. ती कोणी सांगितली नाही. लहानपणी छोटूला सतत सर्दी असायची. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं तर मुलाला अर्धवट ऐकू येतं, आणि जे नीट ऐकू येत नाही ते बोलता येत नाही. छोटूला तेच झालं होतं का, हे आता कधीच कळणार नाही.

त्या दिवशी १०७ मध्ये बसायला जागा मिळाली होती, तरी मी उभीच राहिले.

घरी आल्यावर दोन दिवस कोणाला काही बोलले नाही. काकूला सांगावं की नाही, हाच विचार. तिने जे केलं ते मुलाच्या भल्यासाठी, पोटावर दगड ठेवून केलं होतं. तिसऱ्या दिवशी आजी आणि मी दोघीच भाजी निवडत होतो. तेव्हा सांगितलं. आजीने मेथीची जुडी खाली ठेवली.

"म्हणजे मी बोलले असते तर लेकराचं काही वाईट झालं नसतं?"

"नाही आजी. उलट बरंच झालं असतं."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मग तेरा वर्षं मी उगंच गप्प बसले की गं."

याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मी तिचा हात धरून बसले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "काकूला सांगू नकोस. तिला लई लागंल." मी सांगितलं नाही. काकूला ते पुढे कळलं, माझ्याकडून नाही, छोटूकडूनच. ते खाली येतं.

शेवटचं वर्ष होतं, २००९. माझ्याकडे मलकपेटचं एक मराठी कुटुंब आलं होतं. मुलगा चार वर्षांचा, बोलायचा पुष्कळ पण घरच्यांशिवाय कोणाला कळायचं नाही. त्याचे उच्चार तपासायचे होते. उच्चार तपासायला चित्रांचा संच लागतो. चित्र दाखवायचं, मूल नाव सांगतं, आपण ऐकायचं. प्रत्येक उच्चार शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी यायला हवा. कन्नडमध्ये अशी चाचणी म्हैसूरच्या लोकांनी १९७२ मध्येच केली होती. आमच्या कपाटात तेलुगू होतं, हिंदी होतं, इंग्रजी होतं. मराठी नव्हतं. सिकंदराबादला कोणी कशाला ठेवेल!

हिंदीच्या संचाने काम भागेना. हिंदीच्या यादीत ळ नसतोच. आणि आपला च दोन तऱ्हेचा. 'चार' आणि 'चहा' यांतला च टाळूचा, 'चमचा' आणि 'चाक' यांतला च दातांजवळचा. हिंदी कानाने ऐकलं तर मूल 'चमचा' चुकीचं म्हणतंय असं वाटतं, आणि नसलेला दोष कागदावर चढतो. माझ्या तेलुगू मैत्रिणींना मात्र ते चटकन कळलं, कारण तेलुगूतही 'चाला' म्हणताना तोच दाताजवळचा च येतो, आणि ळ तर त्यांच्याकडे भरपूर. आम्ही आणि आपण हा फरकही हिंदीत नाही, तेलुगूत आहे. शेजाऱ्यांच्या भाषेत आपलं बरंच काही आहे, हे तोवर कधी लक्षात आलं नव्हतं.

मग मी घरीच यादी करायला बसले. पण मलाच शंका यायला लागल्या. माझ्या मराठीत इतकी मिसळ झालेली की कोणता च कुठला, छातीठोक सांगता येईना. शेवटी आजीला बसवलं. तिने शब्द म्हणायचे, मी टिपायचे. बाळ, पळी, नळ, डोळा, चाक, चिमणी, जहाज, माजघर. "माजघर नको आजी, आताच्या पोरांना माजघर माहीत नाही." "मग काय माहीत असतंय?" "किचन." आजी हसली. कित्येक दिवसांनी ती अशी हसली होती. तिने दोन संध्याकाळी मला साठच्या वर शब्द दिले. चुकीचा उच्चार केला की थांबवून परत म्हणायला लावायची. मी एमएएसएलपीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझी परीक्षक होती चौथी शिकलेली आजी.

चित्रं काढायला छोटूला धरलं. त्याचा हात चांगला. सतरा वर्षांचा झाला होता, इंटर करत होता. तो टेबलावर पेन्सिल घेऊन, आजी खाटेवर, मी मध्ये. मी त्याला चित्राचं नाव इंग्रजीत सांगायला लागले तर आजी सरळ त्यालाच म्हणाली, "पळी काढ. तूप वाढायची. डाव नको काढू." छोटूने वर पाहिलं. त्याच्याशी ती एवढं लांब वाक्य मराठीत क्वचितच बोलली असेल. त्याने पळी काढली. मग आजी म्हणाली, "अशी नसते रे, दांडा लांब." त्याने पुसून परत काढली. मी गप्प बसले. त्या दिवशी मी एवढंच शहाणपण केलं.

त्याच रात्री छोटूने काकूला विचारलं, "आजी माझ्याशी आधी का नाही बोलायची?" मग सगळंच निघालं. काकू खूप रडली. आजीच तिची समजूत घालत होती, "अगं, तुला काय ठाऊक, मला काय ठाऊक. शिकलेल्या माणसानं सांगितलं, आपण ऐकलं."

माझी अंतिम परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी तो चित्रांचा संच हातात घेऊन विचारलं, याचं प्रमाण काय, किती मुलांवर करून बघितलं? मी खरं सांगितलं, एकाही नाही, हा फक्त या मुलापुरता आहे, म्हणून मी गुण दिले नाहीत, कोणते उच्चार येतात आणि कोणते नाहीत तेवढंच लिहिलंय. त्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न विचारला. पास झाले. नोंदणीचं प्रमाणपत्र आलं तेव्हा आजीने ते देवापुढे ठेवलं. वर्गातल्या काही जणी अमेरिकेला गेल्या, मी दिलसुखनगरलाच राहिले. दोन खोल्या भाड्याने घेऊन काम सुरू केलं. तो चित्रांचा संच अजून माझ्याकडे आहे, पळीचं चित्र जरा मळलंय.

तो मलकपेटचा मुलगा वर्षभरात स्वच्छ बोलू लागला. ळ सगळ्यात शेवटी आला, तसा तो बऱ्याच मुलांना उशिराच येतो.

आजी २०१४ ला गेली. त्या पाच वर्षांत छोटू तिच्याशी मराठीत बोलायला शिकला, पण तोडकंमोडकंच. आजही तो 'मी गेलो' म्हणायच्या जागी कधी 'मी गेला' म्हणतो. सतराव्या वर्षी शिकलेली भाषा आणि मांडीवर शिकलेली भाषा यांत फरक राहतोच. तो कुरकुर करत नाही. मला मात्र अजून राग येतो, आणि कोणावर काढावा ते कळत नाही.

आज माझ्याकडे मराठी घरातली मुलं येतात. आई-बाबा दोघं आयटीत, आजी-आजोबा औरंगाबादहून नाहीतर लातूरहून नातवासाठी येऊन राहिलेले. आल्या आल्या आई विचारते, "मॅडम, आता इंग्रजीच बोलायचं ना घरात?" आणि मागे आजी खुर्चीच्या कडेला बसलेली असते. मी आधी आजीकडे बघते.

या पानावर बरेच तरुण आई-बाप आहेत म्हणून कामाचं सांगून थांबते. मूल वर्षाचं झालं तरी एखादाही शब्द नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नाही, तर 'बोलेल उशिरा' म्हणून वाट बघू नका. पहिल्यांदा कान तपासा. शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मोजा. ज्यांच्याकडे जाल त्यांची नोंदणी बघा. आणि घरातली मराठी बंद करू नका. आजीला बोलू द्या. तिची गोष्ट मध्येच थांबवू नका.

तुमच्या घरीही असं काही झालं असेल तर खाली लिहा. आणि कोणाच्या आजीकडे ळ आणि च चे आणखी शब्द असतील तर तेही. यादी अजून पूर्ण झालेली नाही.